उत्पन्न शेवटी विचारा, आधी दिवस विचारा

आमच्याकडं कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी वस्तीत जातात, संस्थांचे सर्व्हे होतात, निवडणूक आली की कुणी ना कुणी फॉर्म घेऊन दारात उभं असतं, आणि या सगळ्या फॉर्मवर नाव-गाव झालं की प्रश्न ठरलेला, मासिक उत्पन्न किती. मी पण सात-आठ वर्षं असेच फॉर्म भरलेत सोलापुरात, पूर्वभागात जास्त, थोडे सेटलमेंटकडं, थोडे विजापूर रोडला. आता नवीन पोरापोरींना सोबत न्यायची वेळ येते तेव्हा मी पहिलं हेच सांगते की बाबांनो हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा, आणि उत्तर आलं तरी त्यावर फार टेकू नका. का, ते सांगते, आणि मग त्याऐवजी काय करायचं ते पण सांगते.

दोन घरं घ्या. दोन्हीकडं महिन्याला १५ हजार येतात. एक घर जुळे सोलापुरातलं, आजी एकट्या राहतात, आजोबा सरकारी नोकरीत होते, त्यांची फॅमिली पेन्शन येते, घर स्वतःचं, वर टाकी, अंगणात बोअर, मुलगा पुण्याला. दुसरं घर अशोक चौकाच्या मागं, भाड्याच्या दीड खोल्या, नवरा लूमवर म्हणजे यंत्रमागावर, बायको विड्या वळते, दोन लेकरं आणि सासू. फॉर्मवर दोन्ही घरं एकाच रकान्यात बसतात. तुम्ही म्हणाल माणशी भागून टाका, एकीकडं १५ हजार आणि दुसरीकडं ३ हजार, झालं. पण नाही होत ना तेवढ्यावर. पेन्शन ठरलेल्या दिवशी येते, लाईट गेली म्हणून कमी होत नाही, आजारी पडलं म्हणून थांबत नाही. लूमचा पगार आठवड्याला, त्यातनं घेतलेली उचल कापली जाते, सूत महागलं की मालक पाळी कमी करतो. आजींना उद्या दवाखाना लागला तर त्या रिक्षा बोलावतील, इकडं दवाखान्याच्या आधी त्या दिवसाचा पगार बुडतो. म्हणजे रुपया तोच, पण त्या रुपयाचं काय होऊ शकतं ते वेगळं.

अमर्त्य सेन यांनी १९७९ मधे एका व्याख्यानात साधा प्रश्न विचारला होता, समता म्हणायचं तर कशाची समता? पैशाची, वस्तूंची, समाधानाची, का माणूस प्रत्यक्ष काय करू शकतो आणि काय होऊ शकतो त्याची? त्यांचं म्हणणं असं की दोघांना एकसारखी वस्तू दिली तरी दोघं तिचा एकसारखा उपयोग करू शकत नाहीत. सायकल दिली, पण एकाचा पाय अधू आहे, किंवा मुलगी आहे आणि घरचे म्हणतात अंधार पडायच्या आत घरी, तर सायकल दोघांकडं आहे पण पोचणं एकाचंच होतं. हे एवढं डोक्यात ठेवलं तरी वस्तीत गेल्यावर तुमची नजर बदलते.

जायच्या आधी एक काम घरी करा. स्वतःचा कालचा दिवस वहीत लिहा, उठल्यापासून झोपेपर्यंत, आणि प्रत्येक ओळीपुढं लिहा की हे माझ्यासाठी कुणी केलं किंवा हे माझ्याकडं आधीपासूनच कसं आहे. पाणी कुणी भरलं, डबा कुणी केला, गाडीत पेट्रोल कुणाच्या पैशाचं, बँकेत गेल्यावर माझ्याशी क्लार्क कोणत्या भाषेत बोलला आणि ती मला येत होती का. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला फॉर्म वाचता येणं हे कुठं लिहावंसंच वाटलं नव्हतं, कारण ते कधी नव्हतं असं आठवतच नाही. जे आपल्याकडं कायम आहे ते आपल्याला दिसत नाही, मग दुसऱ्याकडं ते नाही हे तरी कसं दिसणार. तासाभराचं काम आहे, पण हे न करता वस्तीत जाऊ नका.

आता प्रत्यक्ष घरात गेल्यावर. पहिला प्रश्न, काल दिवसभर काय काय केलं. "रोज काय करता" असं नाही विचारायचं, कारण रोजचं विचारलं की माणूस ठरलेलं उत्तर देतो, घरकाम करते, कामावर जातो, संपलं. काल विचारलं की आठवून सांगावं लागतं आणि मग खरं बाहेर येतं. आणि सोलापुरात असाल तर त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न, पाणी कधी आलं होतं?

पाण्याचं सोलापूरकरांना सांगायला नको. उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला चार-पाच दिवसाआड, वर्षानुवर्षं हेच चालत आलंय, आणि येणार कधी तर कधी पहाटे, कधी मध्यरात्री. पण हेच पाणी चार-पाच दिवसाआड आलं तरी सगळ्यांना सारखं येत नाही. ज्याच्याकडं जमिनीत हौद आणि मोटार आहे तो बटण दाबून झोपतो, त्याच्या मोटारीनं पाणी ओढलं की गल्लीच्या टोकाच्या नळाला धार बारीक होते. त्या टोकाला मी एकदा रात्री थांबले होते. पावणेतीनला कुणीतरी "पाणी आलं" म्हणून ओरडलं, गल्लीत एकेक दिवा लागत गेला, आणि उठलं कोण, तर बायका आणि पोरी. पिंप, बॅरल, घागरी, शेवटी पातेली आणि तांबे सुद्धा. ज्या अक्कांच्या घरी मी होते त्यांचं भरून व्हायला साडेचार वाजले, मग झोप कुठली, तशाच विडीची पानं कापायला बसल्या. त्या दिवशी त्यांच्या विड्या रोजच्यापेक्षा कमी झाल्या. विडीची मजुरी हजार विड्यांमागं मिळते, म्हणजे कमी विड्या म्हणजे कमी पैसे. बघा, पाण्याची विषमता झोपेची झाली आणि झोपेची पैशाची झाली, आणि हे कुठल्याच फॉर्मवर एका रकान्यात येत नाही कारण पाणी वेगळ्या पानावर आणि उत्पन्न वेगळ्या पानावर. तुमचं खरं काम तो दोन पानांमधला धागा पकडणं आहे.

वेळ ही गोष्ट म्हणूनच मी पैशाच्या आधी धरते. देशपातळीवर सरकारनं २०१९ मधे वेळेच्या वापराचा सर्व्हे केला होता, त्यात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं असं आलं. २०२४ ला परत केला तर २८९ आणि ८८. पाच वर्षांत दोघांची मिनिटं थोडी थोडी कमी झाली पण मधला फरक २०० मिनिटांच्या आसपासच राहिला, म्हणजे रोजचे सव्वातीन तास. विडी वळणाऱ्या बाईच्या बाबतीत तर घरकाम आणि मजुरी यांच्यात रेघच मारता येत नाही, एक डोळा भाताकडं आणि हात सुपात.

ते काम जवळनं बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका, निदान एकदा तरी तासभर बसा. रात्री पानं भिजवून ठेवतात. सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं त्या मापात कापायचं, शिरा काढायच्या, चिमूटभर तंबाखू सारखी पसरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. बोटं इतकी झरझर चालतात की बघणाऱ्याला वाटतं सोपं आहे. मी करून बघितलं, पाच मिनिटांत एक झाली आणि ती पण सुटली. हजार व्हायला आठ-दहा तास लागतात, जास्त पण लागतात. मग २५-२५ च्या जुड्या बांधून माल द्यायला जायचं, तिथं मोजणारा माणूस काही विड्या छाट म्हणून बाजूला काढतो, बारीक आहे, पान फाटलंय, आणि त्या छाटीचे पैसे मिळत नाहीत पण विड्या परत पण मिळत नाहीत. मिळालेलं पान खराब निघालं तर त्यात हजार विड्या होत नाहीत, मग बाजारातनं स्वतःच्या पैशानं पान आणायचं. हे मी एका बाईकडून नाही, कित्येकींकडून ऐकलंय. म्हणून मजुरीचा दर विचारला आणि गुणाकार केला की जे उत्पन्न निघतं ते तिच्या हातात कधीच येत नाही. दर विचारू नका, मागच्या आठवड्यात हातात किती आले ते विचारा, आणि पानाला किती गेले ते पण.

त्याच अक्कांची मुलगी शाळेतनं आली की दप्तर ठेवून विड्यांची तोंडं दुमडायला बसायची, बारीक बोटांना ते पटकन जमतं म्हणून. शाळेच्या हजेरीत ती नियमित आहे. पण अभ्यासाचे दोन तास सुपात गेलेत ते हजेरीत दिसणार नाही.

इथून पुढची पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच सगळ्यात जास्त सुटते. घर हे एक माणूस धरू नका. आपण "कुटुंबाचं उत्पन्न", "कुटुंबाचं शिक्षण" म्हणतो तेव्हा घराच्या आतली विषमता आपण दाराबाहेरच ठेवून येतो. मोठ्या मोठ्या मोजमापांमधे सुद्धा हे होतं. बहुआयामी गरिबी निर्देशांक म्हणून एक पद्धत आहे, जगभर २०१० पासून वापरतात, आपल्याकडं नीती आयोगानं त्याची भारतातली आवृत्ती केली. ती चांगली आहे, कारण ती पैसा विचारतच नाही, आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान असे तीन भाग करते, प्रत्येकाला एक तृतीयांश वजन, आणि आत १२ गोष्टी बघते, म्हणजे पोषण, शाळेची वर्षं, शाळेत जाणं, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पिण्याचं पाणी, वीज, घर, बँक खातं वगैरे. एकूण वंचितपणा एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भरला तर ते घर बहुआयामी गरीब. या हिशोबानं देशातलं प्रमाण २०१५-१६ च्या २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ ला १४.९६ टक्क्यांवर आलं.

आता यातला शिक्षणाचा नियम बघा. घरातल्या दहा वर्षांपुढच्या एकाही माणसाची सहा वर्षं शाळा झाली नसेल तर ते घर शिक्षणात वंचित. म्हणजे एकाची जरी झाली तरी घर पास. अक्कांच्या घरी थोरला मुलगा बारावी आहे. सासूला सही येत नाही, अक्का तिसरीत असताना शाळा सुटली, पण मुलाच्या बारावीमुळं अख्खं घर शिकलेलं ठरलं. त्याच्या शिकण्याचा उपयोग घराला होतो हे खरं आहे, फॉर्म तोच भरतो, मोबाईलवर तोच बघतो. पण मग आईला स्वतःच्या पीएफचं काय झालं हे विचारायला मुलगा घरी यायची वाट बघावी लागते, आणि तो सांगेल तेच खरं. ही विषमता त्या चार भिंतींच्या आत आहे.

तेव्हा घरात गेल्यावर प्रत्येक माणसासाठी वेगळं पान करा, सासूचं वेगळं, सुनेचं वेगळं, मुलीचं वेगळं. आणि विचारायचं काय, तर साधं. शेवटी कोण जेवतं. दूध आणलं तर कुणाच्या कपात जातं. फोन कुणाच्या नावावर आणि दिवसभर कुणाच्या हातात. घर कुणाच्या नावावर, गावाकडं जमीन असेल तर सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं. बहिणीचा वाटा होता का, का हक्कसोड पत्रावर सही घेतली (२००५ पासून हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, पण "भावाशी संबंध ठेवायचे ना" या एका वाक्यापुढं तो कायदा किती वेळा गप्प बसतो ते तुमच्या घरात पण विचारून बघा). आजारी पडल्यावर कितव्या दिवशी दवाखान्यात गेली, आणि नवरा कितव्या दिवशी जातो. या शेवटच्या प्रश्नाला बायका हसतात आधी, मग सांगतात.

आकडे नकोतच असं मी म्हणत नाही, पण आकडा कुठं फसवतो ते एकदा हातानं करून बघा म्हणजे विसरत नाही. समजा गल्लीत पाच घरं, उत्पन्न ६, ८, १०, १२ आणि ६४ हजार. बेरीज १०० हजार, सरासरी २० हजार. पण २० हजारवालं घर गल्लीत एक पण नाही. मधलं घर १० हजारवालं. म्हणून सरासरी कुणी सांगितली की लगेच मधला आकडा किती ते विचारायचं. विषमता एका आकड्यात सांगायची तर गिनी म्हणून एक माप वापरतात, इटलीच्या कोर्राडो गिनीनं १९१२ मधे मांडलेलं, शून्य म्हणजे सगळ्यांना सारखं आणि एकच्या जवळ म्हणजे सगळं एकाकडंच. आपल्या गल्लीचा गिनी येतो ०.४८, बराच जास्त. आता ६४ हजारवाला गल्ली सोडून जुळे सोलापूरला बंगला बांधून गेला. उरलेल्या चार घरांचा गिनी येतो साधारण ०.१४. गल्लीत एकदम समता आली! कुणाला एक रुपया जास्त मिळाला नाही, फक्त श्रीमंत माणूस हद्दीबाहेर गेला. आणि पूर्वभागातनं असं खरंच होत आलंय, ज्याला जमलं तो होटगी रोड नाहीतर जुळे सोलापूर नाहीतर सरळ पुणे. त्याच्याबरोबर फक्त पैसा जात नाही, नगरसेवकाला फोन लावू शकणारा माणूस जातो, शाळेत जाऊन मास्तरांना जाब विचारणारा पालक जातो. म्हणून आकडा दिसला की हद्द कुठं मारलीय ते आधी बघा.

यानंतर विचारायचा तो धक्क्याचा प्रश्न. आज रात्री ३० हजार रुपये लागले तर काय कराल? एवढंच विचारून गप्प बसायचं, पर्याय सुचवायचे नाहीत. मोबाईलवर दोन मिनिटांत होईल असं म्हणणारं घर, भावाला फोन करेन म्हणणारं घर, भिशी उचलेन म्हणणारं, मंगळसूत्र गहाण ठेवेन म्हणणारं, गटाचं कर्ज काढेन पण आधीचा हप्ता चालू आहे म्हणणारं, मालकाकडून उचल घेईन म्हणणारं. या उत्तरांमधे अख्खा जिना दिसतो. उचलवाल्याचं तर नीट ऐका, कारण उचल घेतली की ती फिटेपर्यंत दुसरीकडं जास्त पगार मिळाला तरी जाता येत नाही. त्याची विषमता आजच्या पगारात नाही, उद्या काम सोडता न येण्यात आहे.

मी एकदा इथंच मोठी चूक केली होती. एका घरी पक्की भिंत, टीव्ही, फ्रीज, मुलाची गाडी बघून मी शेरा लिहिला, परिस्थिती बरी. चार महिन्यांनी परत गेले तर गाडी नाही, फ्रीज नाही, घरातल्या माणसाचं ऑपरेशन झालेलं, आणि आठवड्याला तीन वेगवेगळे हप्ते. वस्तू मी मोजल्या होत्या, त्या वस्तू कशावर उभ्या आहेत ते विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून "परिस्थिती बरी" हे शब्द मी वहीत लिहीत नाही.

आता पैशाच्या पलीकडचं, जे लोक पटकन बोलत नाहीत आणि ज्यासाठी एका भेटीत उत्तर मिळायची अपेक्षाच ठेवू नका. पत्ता घ्या. सोलापुरात सेटलमेंट हे नुसतं एरियाचं नाव म्हणून आपण वापरतो, पण ते नाव कुठून आलं ते किती जणांना माहिती आहे? इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून अख्ख्याच्या अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या आणि त्यातल्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. तो कायदा रद्द झाला १९५२ च्या ३१ ऑगस्टला, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. कुंपण गेलं पण पत्ता राहिला. तिथला एक पदवीधर पोरगा मला म्हणाला की ताई मी अर्जावर मावशीचा पत्ता टाकतो. मार्कशीट आहे, इंग्रजी बरं आहे, उत्पन्न पण वाईट नाही, आणि तरी त्याला स्वतःचं घर लपवावं लागतं. ही विषमता कुठल्या रकान्यात भरणार?

जातीचं असंच. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, म्हणजे वर एक आणि खाली सगळे सारखे असं नाही, प्रत्येक पायरीच्या खाली आणखी एक पायरी, त्यामुळं प्रत्येकाला खाली बघायला कुणीतरी मिळतं आणि सगळे मिळून वरच्याला विचारत नाहीत. वस्तीत गेल्यावर हे दिसतं, फक्त बघायची सवय पाहिजे. एकाच गल्लीत पाण्याचे दोन वेगळे बोअर मारलेले, कुणाच्या घरचा प्रसाद कुठपर्यंत जातो, भाड्यानं खोली देताना आडनाव आधी का विचारतात. थेट "तुमची जात कुठली" म्हणून सुरुवात करू नका, त्याऐवजी खोली शोधताना किती ठिकाणी नाही म्हणाले ते विचारा.

भाषा पण धरा यात, सोलापुरात तर धराच. घरात तेलुगू किंवा कन्नड किंवा आमची दखनी उर्दू, शाळेत मराठी, ऑफिसातला कागद त्याहून वेगळ्या मराठीत आणि पोर्टल इंग्रजीत. एका ऑफिसात, कुठलं ते राहू दे, मी अक्कांसोबत गेले होते दाखल्यासाठी. माझ्याशी क्लार्क "बोला मॅडम" म्हणाला. अक्का बोलायला लागल्या, मराठी जरा अडखळत, तर "ए बाई, नीट सांग की, काय पायजे?" वयानं त्या माझ्या आईएवढ्या. कागद दोघींच्या हातात तोच होता. बाहेर आल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या पुढच्या वेळी पोराला पाठवते. म्हणजे एका "ए बाई" नं त्या बाईचं ऑफिसात जाणं बंद केलं. कोण कुणाला अहो म्हणतं आणि कोण अगं, खुर्ची कुणाला मिळते, कुणाला दारातनंच उत्तर मिळतं, हे सगळं लिहून घ्या. मी याला मानाचं पान म्हणते आणि माझ्या वहीत ते सगळ्यात जास्त भरतं.

मग ही सगळी पानं एकावर एक ठेवून बघायची, वेगवेगळी वाचायची नाहीत. अमेरिकेत किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेनं १९८९ मधे एक जुना खटला समोर ठेवून हे फार नीट दाखवलं. जनरल मोटर्स विरुद्ध काही कृष्णवर्णीय बायका कोर्टात गेल्या होत्या. कोर्ट म्हणालं कंपनीनं बायकांना घेतलंय आणि कृष्णवर्णीयांना पण घेतलंय, मग भेदभाव कुठला. पण घेतलेल्या बायका गोऱ्या होत्या, ऑफिसातल्या, आणि घेतलेले कृष्णवर्णीय पुरुष होते, कारखान्यातले. दोन्ही असलेली बाई दोन्ही याद्यांमधनं गळाली. आपल्याकडं बघा, विडी कामगारांचा मोर्चा आहे, दिव्यांगांची योजना आहे, विधवांची पेन्शन आहे. मला भेटलेली एक बाई विधवा, पायानं अधू, विडी वळणारी, पण विडी कामगाराचं कार्ड सासूच्या नावावर कारण माल सासूच्या नावानं येतो. विडी कामगार म्हणून तिची नोंद नाही, म्हणून पीएफ नाही. दिव्यांग दाखल्याला हेलपाटे घालायचे तर दिवस मोडतो आणि सोबत माणूस लागतं. प्रत्येक यादीत ती जवळजवळ आहे आणि एकीत पण नाही. अशी माणसं शोधणं हेच खरं काम आहे, आणि ती एकेक रकाना बेरजेनं वाचला तर सापडत नाहीत.

वेळ असेल तर तीन पिढ्या विचारा. आजोबा कापडाच्या जुन्या मिलमधे होते का, लक्ष्मी-विष्णू मिलमधे होते का, भोंग्यावर घड्याळ लावायचे का. १८७७ ला जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून शंभर वर्षं या शहरात कितीतरी घरांना ठरलेली पाळी आणि ठरलेला पगार होता, युनियन होती. मिल बंद पडल्या आणि मुलगा लूमवर गेला, सून विडीला बसली. नातू पुण्याला गोदामात. एकाच घराची ही रेघ काढली की कळतं की आज समोर दिसणारी गरिबी आळसानं आलेली नाही, ती एका विशिष्ट वर्षी, एका विशिष्ट गेटला कुलूप लागल्यावर आलेली आहे. आणि चांगलं झालेलं पण याच रेघेवर लिहा. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगार बायकांची १० हजार घरांची वसाहत २००६ ला झाली, नंतर रे नगरची ३० हजार घरांची योजना, त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मधे मिळाल्या. स्वतःच्या घराची किल्ली कमरेला लावलेली बाई भांडणात वेगळ्या आवाजात बोलते, मी ऐकलंय. पण तिलाच पुढं विचारा की शहरात यायला रिक्षा-बसला किती जातात, माल द्यायला किती वेळ लागतो, मुलीला कॉलेजला पाठवायला घरचे तयार आहेत का. एक बाजू उचलली की दुसरी कुठं ताणली गेली ते बघायचंच, म्हणजे घर मिळाल्याचा आनंद खोटा ठरत नाही, पुढचं काम काय ते कळतं.

थोडं वागण्याबद्दल, कारण प्रश्न कितीही चांगले असले तरी वागणं चुकलं की उत्तरं खोटी येतात. खाली बसा, तुमच्यासाठी खुर्ची आणायला पोराला शेजारी पळवू देऊ नका. चहा दिला तर घ्या. सासूसमोर सुनेला पैशाचं आणि तब्येतीचं विचारू नका, ती पाणी भरायला किंवा माल द्यायला निघाली की सोबत चाला, सगळं बोलणं रस्त्यात होतं. माल द्यायच्या दिवशी सकाळी घरी जाऊन बसू नका, त्यांचे पैसे बुडतात. न विचारता फोटो नाही. योजना मिळवून देतो असं तोंडातनं पण काढायचं नाही, जे खरंच करू शकता तेवढंच सांगा, मी दाखल्याला सोबत येईन, एवढं सांगा आणि या. आणि त्यांचे शब्द त्यांच्याच शब्दात लिहा. अक्का म्हणाल्या "आमचं पाणी पण रात्रपाळीला असतंय," मी ते "अनियमित पाणीपुरवठा" असं लिहिलं असतं तर सगळं गेलं असतं.

शेवटचं काम, आणि हे कुणीच करत नाही म्हणून मुद्दाम सांगते, लिहिलेलं परत जाऊन त्यांना वाचून दाखवा. मी अक्कांच्या घरी गेले, मुलगी सुपाशेजारी बसलेली, सासू दारात. मी वाचत होते, पहाटे पाणी अक्का भरतात, साडेचारला संपतं, मग पानं कापतात. अक्कांनी मान हलवली. मुलगी खालीच बघत होती, तोंडं दुमडत, आणि तशीच म्हणाली, "ताई ते चुकलंय. त्या रात्री तुम्ही होता म्हणून आई उठली. पाणी मी भरते." अक्का गप्प झाल्या. मी पान उलटलं आणि वर त्या मुलीचं नाव लिहिलं.